सॅमन, स्टीलहेड आणि ट्राउट: वॉशिंग्टन राज्यातल्या नद्यांवर गाइडसोबत सगळे सीझन फिरल्यानंतर

ऑफिसमधले बरेच मराठी लोक विचारतात की गाइड घेऊन मासेमारीला जायचे पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. आम्ही सिएटलच्या उत्तरेला बॉथेलला राहतो, गेल्या शरद ऋतूपासून आत्तापर्यंत स्कायकोमिश, काउलिट्झ, फोर्क्स गावाकडच्या नद्या आणि याकिमा नदी अशा वेगवेगळ्या ठिकाणी गाइडसोबत गेलो. माझं मत असं झालंय की पैसे वसूल होतात, पण किती मासे मिळाले यावर मोजायला गेलात तर कधीच होणार नाहीत. दोन माणसांचा ड्रिफ्ट बोटीवरचा (प्रवाहाबरोबर वाहत जाणारी वल्ह्यांची बोट) पूर्ण दिवस साधारण 500 ते 600 डॉलर, वर 15-20 टक्के टिप, एवढ्यात बाजारातला चांगल्यातला चांगला सॅमन कितीतरी किलो येतो. गाइडला पैसे द्यायचे ते नदी कशी बघायची हे शिकण्यासाठी.

पहिल्यांदा जाणार असाल तर ऑक्टोबरमधला कोहो (सॅमनची एक जात), दुसरा विचारच करू नका. आम्ही स्कायकोमिशवर मन्रो आणि सुलतानच्या मधल्या पट्ट्यात गेलो होतो, पहाटे अंधारात बोट पाण्यात सोडली. आमचा गाइड खळाळतं पाणी सरळ सोडून द्यायचा आणि काठालगत जिथे झाड आडवं पडलंय, पाणी जवळजवळ थांबलंय अशा डोहाजवळ वल्ही रोखून धरायचा, कारण कोहो समुद्रातून अंडी घालायला नदीत वर चढताना अशाच संथ पाण्यात दम खात थांबतो. तिथे छोटा जिग (वजन लावलेला नकली आमिषाचा गळ) टाकून तो बुडू द्यायचा आणि मग रॉडचं टोक हलकेच झटकत झटकत आणायचं, याला ट्विचिंग म्हणतात, आणि मासा बहुतेक वेळा झटक्यानंतर जिग खाली पडतानाच धरतो त्यामुळे दोरीवर सतत नजर लागते. हे आम्हाला दुपारपर्यंत बऱ्यापैकी जमायला लागलं, मुलाला तर माझ्याआधी जमलं. (15 वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही, पण सॅमनसाठी कॅच कार्ड, म्हणजे ठेवलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड, त्यांनाही लागतं.)

कोहो आणि चिनूक (सॅमनचीच दुसरी जात) ओळखणं हाही धडा तिथेच मिळाला. कोहोच्या शेपटीवर ठिपके फक्त वरच्या भागात आणि हिरड्या पांढरट, चिनूकच्या पूर्ण शेपटीवर ठिपके आणि तोंड आतून काळं. हे यायलाच हवं, कारण बऱ्याच नद्यांवर एक ठेवता येतो आणि दुसरा सोडावाच लागतो, आणि जो सोडायचाय तो सॅमन किंवा स्टीलहेड पाण्याबाहेर पूर्ण उचलायचाही नाही असा इथला कायदा आहे, त्यामुळे फोटो पाण्यातच धरून काढायचा.

स्टीलहेड मात्र वेगळंच प्रकरण. मुळात हा रेनबो ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन मोठा होऊन परत येतो, आणि इथले सॅमन अंडी घातल्यावर मरतात तसा हा मरेलच असं नाही, काही मासे परत समुद्रात जातात आणि पुन्हा येतात. जानेवारीत थंडी, पाऊस, बोटभर बर्फ आणि दिवसभरात एखादी ओढ मिळाली तरी गाइड खूश असतो. ज्यांना धीर नाही त्यांनी इथे पैसे घालू नयेत असं मी स्पष्ट सांगतो. पण ती एक ओढ आली ना की पाच-सहा तास कुठे गेले ते कळत नाही, मासा दोनदा हवेत उडाला आणि रीलमधून दोरी अशी सुटली की बायकोने काठावरून आरडाओरडा केला.

हिवाळ्यात काउलिट्झ मला सगळ्यात भरवशाची वाटली. वर मेफील्ड आणि मॉसीरॉक ही धरणं आहेत, त्यामुळे पावसाने बाकी नद्या गढूळ झाल्या तरी ही पुष्कळदा मासेमारीजोगी राहते, फक्त टूटल नदीच्या संगमाखाली जाऊ नका, माउंट सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी 1980 मध्ये फुटला त्याची माती टूटलमधून अजून येते. हॅचरीचे, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले, मासे इथे भरपूर सोडतात. पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर कापलेला असला तर हॅचरीचा, तो ठेवता येतो, पर शाबूत असला तर जंगली, तो सोडायचा. आमिष म्हणून सॅमनची गाभोळी बोरॅक्स आणि रंग लावून मुरवलेली असते, बोट वाहत्या पाण्याच्याच वेगाने सोडतात आणि गाभोळी तळाला हलकेच टेकत टेकत जाते.

फोर्क्सकडे सोल डक, होह, बोगाशील या नद्यांचं सौंदर्य वेगळंच, पण 2020 च्या डिसेंबरपासून तिकडे जंगली स्टीलहेड कमी झाल्यामुळे बोटीतून मासेमारी आणि आमिष यांवर कडक बंधनं आली, नंतर ती सीझननुसार बदलत गेली. काही लोक यावर चिडतात, मला ती योग्य वाटतात. जाण्याआधी त्या आठवड्याचे नियम वॉशिंग्टनच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या ॲपवर बघाच, नदी मध्येच बंद होते.

एक वाईट अनुभव. नोव्हेंबरमध्ये एका गाइडने आदल्या रात्री धो धो पाऊस पडूनही ट्रिप रद्द केली नाही, पाणी चहासारखं, हातभर खाली दिसत नव्हतं, दिवसभर नुसते वाहत राहिलो आणि पैसे पूर्ण घेतले. दुसऱ्या एकाने नेमकं उलट केलं, संध्याकाळी स्वतः फोन करून सांगितलं की नदीची पातळी चढतेय, उद्या येऊ नका, दुसरी तारीख घ्या. त्याच्याकडे आम्ही परत परत जातो. बुकिंग करताना हा एकच प्रश्न विचारा, पाणी खराब झालं तर काय करता, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या.

ट्राउटसाठी याकिमा कॅनियन, एलेन्सबर्गच्या खाली. पकडा आणि सोडा एवढंच, आमिष नाही, गळाच्या टोकाला उलटा काटा नाही. मार्चमध्ये स्क्वाला नावाची माशी निघते तेव्हा रेनबो वर येऊन ती खातात ते बघायलाच मजा येते, आणि फ्लाय फिशिंग (हलकी नकली माशी टाकून मासे धरणं) शिकायला याहून सोपी जागा मला तरी दिसली नाही. भर उन्हाळ्यात शेतीसाठी धरणातून पाणी सोडतात तेव्हा नदी जोरात असते, सप्टेंबरच्या सुरुवातीला पाणी कमी करतात त्यानंतर काठावर उभं राहून मासेमारी करता येते.

रॉड, रील सगळं गाइड देतो. तुम्ही लायसन्स, कॅच कार्ड, पेन (मासा ठेवला की लगेच नोंद करायची, घरी जाऊन नाही), लोकरीचे मोजे आणि चांगला रेनकोट न्या. कॉटन घालू नका. जेवण आपलं आपण, आम्ही धपाटे आणि चटणी नेतो, गाइडलाही आवडली.

आणि मालवण-रत्नागिरीकडच्यांसाठी खास: मासा साफ करताना बहुतेक गाइड डोकं टाकून देतात आणि गाभोळी आमिषाला स्वतःकडे ठेवून घेतात, तेव्हा दोन्ही हवं असेल तर सुरी लागायच्या आधी सांगा, मागितलं की देतात. नदीत नुकत्याच शिरलेल्या चकचकीत चंदेरी कोहोच्या डोक्याचं तिरफळ घालून कालवण करा, काळपट लाल पडलेला मासा घेऊच नका, त्याची चरबी प्रवासात संपलेली असते आणि मांस पांढुरकं, बेचव लागतं.