मच्छरदाणी की अंगाला लावायचं क्रीम?

"तुझं रक्त गोड, म्हणून तुलाच चावतात" हे घरोघरी ऐकू येतं. गोडव्याचा काही संबंध नाही. चावते ती डासाची मादी, अंड्यांसाठी रक्त हवं म्हणून. ती आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि त्वचेवरच्या आम्लांचा वास हुंगत येते. हा वास प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे एकाच कट्ट्यावर बसलेल्या चौघांत एकाचीच चाळण होते. गरोदर बायकांना जास्त चावतात, तेही खरंच.

आता उपाय. पुण्यात मुठा नदीच्या काठी, जलपर्णीच्या शेजारी राहणाऱ्यांना संध्याकाळनंतर छळतो तो क्युलेक्स जातीचा डास. घाण पाण्यात वाढणारा, रात्री चावणारा. त्याला मच्छरदाणीच बरी: एकदाच खर्च, वास नाही, तान्ह्या बाळालाही चालते. फक्त कडा गादीखाली नीट खोचा आणि हात-पाय जाळीला टेकवू नका, बाहेरून बिनदिक्कत चावतात. उकडतं म्हणून कुरकुर होणार, पंखा वाढवा.

पण डेंगी पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त. तेव्हा मच्छरदाणीत बसून ऑफिस कोण करणार? तिथे डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं क्रीम हवं. उघड्या त्वचेवर सगळीकडे लावायचं. मनगटावर ठिपका देऊन घोटा वाचत नाही. घाम आला की पुन्हा लावायचं. सनस्क्रीन आधी, हे नंतर. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र नको.

एकच घ्यायचं तर पावसाळ्यात मी क्रीमला मत देईन. कूलरचं पाणी आठवड्याला ओतून टाकी घासायची, ते दोन्ही पक्षांना लागू.