एक व्हॉल्व्ह फिरवायचे १,६१४ डॉलर ५० सेंट

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. एक हजार सहाशे चौदा डॉलर पन्नास सेंट. एवढे पैसे मी एका माणसाला मोजले आणि त्याने त्या बदल्यात एका पितळी व्हॉल्व्हचा दांडा पाव फेरी फिरवला. बाकी काही नाही. खरंच काही नाही.

अमेरिकेत जुना ट्रेलर किंवा मोटरहोम घेतलेल्या आपल्या लोकांसाठी लिहितोय. दर उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आई-वडील येतात, यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान दाखवायचं ठरतं, हॉटेलांचे भाव बघून डोळे पांढरे होतात आणि मग ट्रेलर घ्यायची टूम निघते. आम्हीही मे महिन्यात एका खासगी मालकाकडून घेतला. त्यात सबर्बन कंपनीचा ६ गॅलनचा वॉटर हीटर होता, प्रोपेनवरही चालणारा आणि विजेवरही. ६ गॅलन म्हणजे जेमतेम २३ लिटर. मालकाने सगळं चालू करून दाखवलं, मी त्याचा व्हिडिओ काढून ठेवला. हा व्हिडिओ लक्षात ठेवा.

फिरते मेकॅनिक कसे लुटतात हे मला काय कोणी शिकवायला नको होतं. अडलेल्याला गाठायचं, घाबरवायचं, न बदललेल्या पार्टचे पैसे लावायचे. गाडीच्या ब्रेकच्या बाबतीत मला कोणी टोपी घालून दाखवावी. पण बिघाड निघाला गॅसच्या हीटरचा, सोबत सत्तरी ओलांडलेली आई होती आणि बाहेर जूनमध्येसुद्धा पहाटे पाणी गोठेल अशी थंडी. त्या भागाची उंचीच सात-आठ हजार फूट आहे. उद्यानाच्या आत पाणी, वीज, मैलापाणी सगळ्याची जोडणी असलेलं एकच ठिकाण आहे, फिशिंग ब्रिज, आणि ते कधीच भरलेलं असतं. म्हणून आम्ही बाहेरच्या एका कॅम्पग्राउंडवर. शनिवारची संध्याकाळ. नळाला पाणी कोमट. आई म्हणाली, ‘राहू दे रे, मी अंग पुसून घेते.’ हे ऐकून कोणता मुलगा स्वस्थ बसेल?

आता जे मला तेव्हाच कळायला हवं होतं ते सांगतो, कारण रोज रात्री तेच डोक्यात फिरतं.

हीटर पेटत होता. बाहेरच्या जाळीशी कान नेला की ज्वाळेची घरघर ऐकू येत होती, ज्योत निळी होती. बाबा जाळीजवळ हात धरून म्हणाले, ‘अरे, हा तर आपला बंबच आहे. मधून नळी, भोवती पाणी. बंब चांगला तापलाय, मग पाणी कोमट कसं? कुठंतरी गार पाणी मिसळतंय.’ अक्षरशः हे शब्द. निदान झालं होतं, फुकट, मराठीत! शिवाय मी गॅस बंद करून विजेवर लावून बघितलं होतं. १४४० वॅटचं एलिमेंट, त्यावरही कोमटच. गॅसचा बर्नर आणि विजेचं एलिमेंट हे दोन वेगळे संसार आहेत, एकाच टाकीला दोन बाजूंनी तापवणारे. दोघं एकाच संध्याकाळी सारखेच आजारी पडतील कसे? आणि कंट्रोल बोर्ड मेलेला असता तर ठिणगीच पडली नसती. बोर्डाचं कामच ते, गॅस व्हॉल्व्ह उघडणं, ठिणगी टाकणं, ज्योत लागली का ते तपासणं, नाही लागली तर सगळं बंद करून आत लाल दिवा लावणं. आमचा लाल दिवा लागलाच नव्हता. पण हे सगळं घरी खुर्चीत बसून सुचतं. तिथे कॅम्पग्राउंडच्या ऑफिसच्या फळ्यावर एका फिरत्या मेकॅनिकचं कार्ड लावलेलं होतं, ‘२४ तास, आरव्ही गॅस तज्ज्ञ’ (आरव्ही म्हणजे हेच, ट्रेलर-मोटरहोम), आणि मी फोन लावला.

माणूस अतिशय सभ्य. आल्याआल्या बाबांना हात जोडून ‘नमस्ते’. जाळी उघडली, मल्टिमीटरच्या दोन वायरी इकडे तिकडे टेकवल्या, मान हलवली. मग सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळत होतं त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘सर, तुम्ही बॉम्बवर झोपताय. बोर्ड गेलाय, तापमान आवरत नाहीये, म्हणून व्हॉल्व्ह पाणी सोडतोय.’ कोमट पाण्याचा बॉम्ब! ऐकून घेतलं मी. आईच्या समोर बोलला ना तो.

त्या गळतीचं ऐकून ठेवा. टाकीत पाणी तापलं की फुगतं. टाकीच्या वरच्या भागात हवेचा कप्पा असतो, तो हे फुगणं झेलतो. वापरून वापरून ती हवा संपते, मग व्हॉल्व्ह चार थेंब टाकतो. तो १५० पीएसआय दाबाला किंवा २१० फॅरनहाइट तापमानाला उघडायला बनवलेला असतो, त्याचं काम तो चोख करत असतो. उपाय: हीटर बंद, पाणी गार होऊ द्यायचं, बाहेरून येणारं पाणी आणि पंप बंद, आतला गरम पाण्याचा नळ उघडायचा, मग त्या व्हॉल्व्हचा दांडा वर उचलून पाणी यायचं थांबेपर्यंत धरायचा. झाला हवेचा कप्पा तयार. खर्च शून्य. मला १४० डॉलर लागले.

मग तो म्हणाला, ‘सर, तुम्ही बाहेर थांबून ज्योतीकडे लक्ष ठेवा, पिवळी झाली तर ओरडा.’ इथे. नेमकं इथेच मला कळायला हवं होतं. हीटरचा बोर्ड बाहेरच्या बाजूला असतो, बर्नर बाहेर, सेफ्टी व्हॉल्व्ह बाहेर. ज्याचे सगळे पार्ट बाहेर आहेत त्याची दुरुस्ती करणारा माणूस मला बाहेर उभं करून आत पलंगाखालची फळी कशाला काढतो? मी थंडीत ज्योतीकडे टक लावून बसलो, पहारेकरी! बाबा आत होते. नंतर म्हणाले, ‘त्याने तिथे काहीतरी पिरगळलं रे.’ मी म्हटलं, ‘बाबा, तो तपासतोय, तुम्ही थांबा जरा.’

पंधरा मिनिटांत कढत पाणी. आई खूश, आंघोळ झाली, दिवा लावला. आणि मग बिल. सर्व्हिस कॉल १९५. शनिवारचं जादा १५०. कंट्रोल बोर्ड २८५. सेफ्टी व्हॉल्व्ह १४०. ॲनोड रॉड ९५. मजुरी साडेतीन तास, ताशी १६५ प्रमाणे ५७७.५०. गॅस गळती तपासणी १२५. किरकोळ साहित्य ४७. साडेतीन तास कसले, जुने पार्ट दाखवायला व्हॅनमध्ये गेला तो वेळ धरला तरी दीड तास होत नाही. कार्डाचं मशीन म्हणे ६०० च्या वर घेत नाही, डोंगरात सिग्नल नसतो. ६०० कार्डावर, बाकीचे १,०१४.५० फोनवरून थेट त्याच्या खात्यात. आईच्या देखत हुज्जत घालायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर गरम पाणी येत होतं. येत होतं हो!

ज्याला कार्ड चालत नाही त्याला पैसे देऊ नका. दोन हप्त्यांत, दोन मार्गांनी तर मुळीच नाही.

जुलैअखेर आई-बाबा परत गेले, ट्रेलर उभा करून ठेवायचा म्हणून मी टाकी रिकामी करायला घेतली. सबर्बनची टाकी पोलादाची, आतून काचेसारखा मुलामा दिलेली. गंजाने टाकीऐवजी आपल्याला खावं म्हणून त्यात मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो, आणि तोच टाकीचा बूच. ॲटवूड या दुसऱ्या कंपनीच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या असतात, त्यांना प्लॅस्टिकचा बूच असतो, ॲनोड लागतच नाही. ॲटवूडवाल्याला कोणी ॲनोड विकायला आला तर तिथूनच हाकलून द्या. बूच काढायच्या आधी पाणी गार करा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून दाब सोडा, नाहीतर कढत पाणी थेट तोंडावर येतं.

१-१/१६ इंचाचा सॉकेट लावून रॉड सोडवला. तो हलेचना, लांब दांडा लावून अंगाचा जोर द्यावा लागला. पाच आठवड्यांपूर्वी बसवलेला बूच. बाहेर आला तेव्हा हातात काय, तर मधली लोखंडी तार, तिला चिकटलेले मॅग्नेशियमचे दोन-चार करडे खडे, बाजूने पांढरा चुना, आणि आट्यांवर वर्षानुवर्षांचा थर. हे ९५ डॉलरचं नवं रत्न. दुकानात नवा वीस डॉलरच्या आतबाहेर मिळतो. डोक्यात तिडीक गेली. मग बोर्ड बघितला. त्याच्यावर धुळीचा जाड थर, कनेक्टरच्या कोपऱ्यात कोळ्याचं जुनं जाळं. त्याने ‘हा बघा तुमचा जळलेला बोर्ड’ म्हणून दाखवलेल्या बोर्डाचा फोटो बायकोने काढला होता. त्यावर वायरी जोडायच्या जागाच वेगळ्या. आमचा नव्हताच तो. पिशवीत घालून गावोगाव दाखवत फिरत असणार.

मग मालकाचा व्हिडिओ लावला. पलंगाखाली तीन पितळी व्हॉल्व्ह. हिवाळ्यात नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरताना हीटरच्या टाकीत ते जाऊ नये म्हणून टाकीचे दोन बंद करतात आणि मधला उघडतात. वसंतात उलट करायचं. मालकाने दोन उघडले, मधला बंद करायचा राहून गेला. त्यामुळे गार पाणी टाकीला वळसा घालून थेट गरम नळीत घुसत होतं. व्हिडिओत मधला दांडा नळीच्या सरळ रेषेत, आज आडवा. बाबांचं ‘गार पाणी मिसळतंय’. आणखी एक सांगतो, बाहेरच्या शॉवरचे दोन्ही नळ उघडे ठेवून नुसतं हातातलं बटण बंद केलं तरी हेच होतं. पाणी कोमट आलं की आधी हे दोन बघा, मग फोन करा. आणि टाकी रिकामी असताना विजेचं बटण दाबू नका, एलिमेंट क्षणात जळतं, मग खरंच खर्च आहे.

पुरावे घेऊन दाद मागायला निघालो. इथून पुढचं चोरापेक्षा जास्त संतापजनक आहे.

पोलिसांकडे फोन. ‘पैसे तुम्ही स्वतः दिलेत, हे दिवाणी प्रकरण.’ फोन ठेवला. प्लंबरांना परवाना देणारं खातं म्हणालं, आमचा संबंध घरांशी, चाकं असलेल्या वस्तूशी नाही. वाहनांचं खातं म्हणालं, आम्ही ब्रेक, दिवे बघतो, गीझर हा वाहनाचा भाग नाही. गॅसचं ऑफिस म्हणालं, आत्ता गळतंय का? नाही? मग कशाला फोन केलात? ग्राहक तक्रार विभागाने फॉर्म भरून घेतला. अनेक पानी फॉर्म, त्यात ‘मालमत्तेचा पत्ता’ सक्तीचा! ट्रेलरचा पत्ता काय लिहू, महामार्ग क्रमांक? मग पत्र आलं, ‘घटना ज्या राज्यात घडली तिथे अर्ज करा.’ तिथे केला. उत्तर, ‘आपण इथले रहिवासी नाही.’ घर म्हणावं तर चाकं, गाडी म्हणावं तर न्हाणीघर, आणि त्या फटीत हे लोक सुखाने धंदा करतात. रजिस्टर नाही, फलक नाही, व्हॅनवर नाव नाही.

बँक तर कहर. १,०१४.५० बद्दल पहिल्याच फोनवर वाटाण्याच्या अक्षता, ‘तुम्ही स्वतः मंजूर केलेला व्यवहार.’ कार्डाच्या ६०० साठी रीतसर तक्रार केली, स्टेटमेंटपासून ६० दिवसांच्या आत. क्रेडिट कार्डाच्या बिलांबद्दलच्या १९७४ च्या कायद्यात कामाच्या दर्जाबद्दल भांडायचं असेल तर खरेदी तुमच्याच राज्यात किंवा घरापासून १०० मैलांच्या आत झालेली हवी, अशी अट आहे. बँकेतल्या बाईंनी तीच अट वाचून दाखवली. अहो, दर्जा कसला? बोर्ड दिलाच नाही, रॉड दिलाच नाही, न मिळालेल्या मालाला १०० मैलांची अट लागत नाही! फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. त्या मेकॅनिकने बँकेला कळवलं की त्यांचं पाणी खारट, रॉड लवकर झिजतो, आणि ‘काम समाधानकारक’ म्हणून माझी सही जोडली. तक्रार बंद. बाबांनी डोळ्यांनी बघितलंय म्हटलं तर विचारलं, त्यांच्याकडे या कामाचं काही प्रमाणपत्र आहे का? आयुष्यभर बंब पेटवलेल्या माणसाला!

सही करण्याआधी जुना पार्ट मागून घ्या आणि नवा जागेवर बसलेला स्वतः बघा. गळती तपासली म्हणाला तर किती दाब भरला ते विचारा. प्रोपेनचा दाब ११ इंच उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो, तो मोजायला मॅनोमीटर लागतो. मला १२५ डॉलर लावणाऱ्याने एक चुकचुकणारी कांडी हवेत फिरवली होती. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं ऐका. माझं सोडा, मी थंडीत उभा होतो.

छोट्या दाव्यांच्या कोर्टात जायचं तर त्याच्या गावात, इथून ९०० मैलांवर. फी, पेट्रोल, सुट्टी धरली तर आणखी एक बिल. गेल्या आठवड्यात त्याचाच मेसेज आला, रॉडचे ९५ परत देतो, ‘सगळं मिटलं’ असं लिहून द्या. मी लिहून दिलेलं नाही.

नाव इथे टाकत नाही, वकील मित्राने बजावलंय. त्या बाजूला जाणार असाल तर खासगीत विचारा, कॅम्पग्राउंडचं नाव आणि पांढऱ्या व्हॅनचा फोटो पाठवतो. निघण्याआधी मात्र पलंगाखालची फळी उघडून दांडे कुठे आहेत त्याचा फोटो काढून ठेवा.