सिगारेट सोडताना: हेल्पलाइन की जवळचा मित्र?

सिगारेटच्या पाकिटावर इशाऱ्याच्या चित्राजवळ १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. दिवसातून दहादा हातात येतो, पण वाचतो कोण! ही सरकारी टोल फ्री क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन, २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. समुपदेशक उपदेश झाडत नाही. उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात पेटते, हे विचारतो. सोडायची तारीख ठरवून घेतो, पुढे स्वतःहून फोन करतो. पुन्हा ओढलीत तरी त्याला सांगायला लाज वाटत नाही, कारण तो ओळखीचा नाही.

मित्राचं गणित वेगळं. चार वाजता कटिंग हातात आली की तलफ उसळते. ती काही मिनिटांतच ओसरते, पण त्या मिनिटांत ‘चल, चक्कर मारून येऊ’ म्हणणारा मित्र शेजारी हवा. तिथे हेल्पलाइन पुरी पडत नाही. मात्र मित्र स्वतः ओढणारा असेल, तर ‘एक झुरका, काय होतंय’ हेही तोच म्हणणार!

माझं मत विचाराल तर आधी फोन, मग मित्र. पहिला आठवडा सगळ्यात खडतर असतो. तेवढे दिवस टपरी बदला, म्हणजे मित्रालाही सोपं जाईल.