तांब्याच्या भावात ॲल्युमिनियम

अमळनेरला आमचं टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. नव्या हॉलमध्ये लॅन, म्हणजे सगळे पीसी केबलने एकमेकांना जोडायचं काम, जळगावच्या एका दुकानदाराला दिलं. कॅट-६ ही नेटवर्कची केबल, बॉक्सवर ठळक '१०० टक्के कॉपर', भावही तांब्याचाच लावला. लॅन, कॅमेरे टाकायला निघालेल्यांनी हे वाचूनच बॉक्स घ्यावा.

सकाळच्या बॅचला सगळं ठीक. दुपारी पत्रे तापले की मागच्या रांगेतल्या पीसींची नेटवर्कची लाइन जायची, क्षणात परत यायची. विद्यार्थ्याचा अर्धा उतारा टाइप झालेला आणि स्क्रीन अडकलेली! गेटवरचा कॅमेरा दिवसा नीट, पण अंधार पडला की बंद-चालू, बंद-चालू.

दुकानदाराकडे दर वेळी नवं कारण आणि नव्या कारणाचं नवं बिल. आधी म्हणे लाइटीचं व्होल्टेज खराब, स्टॅबिलायझर घ्या. मग सगळ्या केबल जिथे जोडतात तो नेटवर्क स्विच तापतो, मोठा घ्या. मग विंडोज नव्याने मारा. केबलचा विषय निघाला की, "दादा, केबलला काय होतंय?"

बिंग फोडलं भंगारवाल्याने. उरलेले तुकडे घेताना त्याने एक तार सुरीने खरवडली आणि म्हणाला, "हाई तांबं नही शे भाऊ." वर तांबूस मुलामा, आत पांढरी चमक. दोन-चारदा वाकवली तर कट्‌कन तुटली.

या मालाला बाजारात सीसीए म्हणतात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर. कॅट-६ च्या मानकात हा बसतच नाही. याचा विजेला होणारा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, उन्हाने आणखी वाढतो. केबलच्या टोकाच्या प्लगच्या (आरजे-४५) पिना मुलामा फोडून आत घुसतात, उघडं पडलेलं ॲल्युमिनियम गंजतं आणि जोड कधी लागतो, कधी नाही. कॅमेऱ्याला वीज याच केबलमधून जाते. रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की करंट जास्त लागतो, लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. स्टॅबिलायझर बिचारा काय करणार!

लाइन अशी जात असेल तर काही विकत घेण्याआधी त्याच पीसीला, त्याच पोर्टवर दुसरी चांगली केबल मोकळी टाकून बघा. जोड तपासणारी विंडोजची 'पिंग' कमांड '-टी' लावून (म्हणजे ती थांबत नाही) राउटरकडे दिवसभर चालू ठेवा, लाइन मध्येच जाते का ते लक्षात येतं. नेटवर्क स्टेटसमध्ये वेग १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसतंय का तेही बघा. १ जीबीपीएसला (गिगाबिट) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, त्यामुळे उरलेल्या दोनपैकी एक जोडी गेली तरी नेट 'चालू' दिसतं. लांबी १०० मीटरच्या आत हवी, हे वेगळं.

नवा बॉक्स घेताना तार दुकानातच ब्लेडने खरवडा. ३०५ मीटरचा बॉक्स उचलूनही बघा, तांब्याचा चांगलाच जड लागतो. दुकानदार "सील तुटेल" म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. जीएसटीच्या पक्क्या बिलावर 'शुद्ध तांबं' असं लिहून घ्या. आमच्या बिलावर नुसतं 'कॅट-६ केबल, १ बॉक्स' आहे आणि आता दुकानदार त्या बिलाकडेच बोट दाखवतो. आम्ही ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. बॉक्सचा फोटो आणि खरवडलेला तुकडा जपून ठेवलाय. स्टॅबिलायझरचे पैसेही मागितलेत.