एक्स्ट्रा लाईट जाळीमागे की बंपरवर?

आंब्याच्या पेट्या भरून रात्री घाट चढणाऱ्या पिकअपला कंपनीचा हेडलाईट पुरत नाही, यावर कुणी वाद घालणार नाही. कुंभार्ली, आंबा, करूळ, आंबोली, कुठलाही घाट घ्या. वळणापलीकडचा कठडा उजेडात येईपर्यंत गाडी जवळपास वळलेली असते. म्हणून जादा एलईडी लावायचे ठरते आणि लगेच प्रश्न येतो: बंपरवर लावायचे की पुढच्या जाळीमागे? टपावरचा पर्याय मी धरतच नाही. त्याचा उजेड बॉनेटवर पडून आपल्याच डोळ्यांवर येतो. लुमेनच्या, म्हणजे उजेड मोजायच्या, आकड्यांतही शिरत नाही. प्रत्येकी साधारण ३६ वॅटचे दोन पॉड, म्हणजे छोटे डबीसारखे एलईडी लाईट, दोन्हीकडे पुरतात.

बंपरची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. दोन भोकं, दोन बोल्ट, जाळी काढायची गरज नाही. काचेवर लाल चिखल बसला तर उतरून फडक्याने पुसता येतो. आणि धुक्यात लाईट जितका खाली, तितका बरा: उजेडाची वाट आपल्या नजरेच्या रेषेपासून लांब राहते, त्यामुळे धुक्यावरून परतणारा पांढरा पडदा कमी जाणवतो. पावसाळ्यात आंबोलीत रोज रात्री ये-जा असेल, तर खाली लावलेल्या पिवळ्या, पसरट उजेडाच्या जोडीला तोड नाही.

तरीही माझा काटा जाळीमागे झुकला तो एका कटकटीमुळे. बंपरवरचा लाईट लावलेल्या कोनात राहत नाही. पिकअपचा पुढचा बंपर म्हणजे सगळ्यांची पायरी. ताडपत्रीची दोरी ओढायला हमाल त्यावर चढतो, काच पुसणारा त्यावर पाय देतो, वॉशिंगवाला लाईटच धरून वाकतो. अरुंद पाणंदीत गाडी वळवताना गडग्याचा चिरा घासला तर वेगळंच. बहुतेक पॉड खालच्या एकाच बोल्टवर उभे असतात, जरा धक्का लागला की मान वर होते. एक अंश वर गेला तर ५० मीटरवर उजेड सुमारे ८७ सेंटिमीटर उंच जातो. म्हणजे रस्ता सोडून समोरच्या एसटी चालकाच्या काचेकडे. आपल्याला कळतही नाही, कारण आत बसून उजेड भरपूरच दिसतो.

मग वाटतं, बोल्ट सैल करून कोन नीट करू. किनाऱ्यावर तेही सोपं नाही. स्टेनलेसचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमची बॉडी यांच्यामध्ये खारं पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियमच झिजतं, पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतो. त्यात पुढे मासळीची गाडी असली, तर तिच्या बर्फाचं गळणारं खारट पाणी चाकाने उडून नेमकं बंपरच्या उंचीवर बसतं. जाम बोल्टला जोर लावला की लाईटचा कानच तुटतो. बंपरवर लावायचेच असतील, तर बोल्टला आधीच अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) किंवा घट्ट ग्रीस लावा, मधे नायलॉनचा वॉशर घाला, सहज सैल न होणारा नायलॉक नट वापरा. फरक पडतो, पण पाय पडायचे ते पडतातच.

जाळीमागे हा प्रश्न येत नाही. तिथे हात पोचायला बॉनेट उघडावं लागतं, त्यामुळे स्टँडवर रात्री उभ्या गाडीचे लाईट काढून नेणंही सोपं राहत नाही. खारी हवा तिथेही असते, पण चाकाचा फवारा आणि चिखल थेट येत नाही. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तापलेला लाईट बुडून आत वाफ धरण्याचा प्रकारही कमी होतो. लाईटवर लिहिलेला पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ती चाचणी स्वच्छ पाण्यातली असते, जोराच्या फवाऱ्याची हमी त्यात नसते, एवढं लक्षात ठेवा.

बसवायचं काम मात्र अर्ध्या दिवसाचं धरा. आधी जागा मोजा: कणकेचा गोळा एसीच्या कंडेन्सरसमोरच्या (रेडिएटरपुढच्या पातळ नळ्यांच्या जाळीसमोरच्या) पट्टीवर ठेवा, जाळी जागेवर दाबा, मग काढून गोळ्याची जाडी बघा. पॉडच्या जाडीपेक्षा किमान १५ मिलिमीटर जास्त मिळायला हवेत. नाहीतर खडबडीत रस्त्यावर लाईटची मागची बाजू कंडेन्सरवर आपटेल, आणि तिथे भोक पडलं की एसीचा गॅस गेलाच. ब्रॅकेट २५ बाय ३ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचं करा. ते रेडिएटरच्या वरच्या आडव्या सपोर्टवर, शक्यतो आधीच असलेल्या बोल्टखाली पकडवा. कंडेन्सरसमोर ड्रिल चालवूच नका. पट्टीची भोकं पाडून झाल्यावर झिंक प्रायमर मारा, भोकांच्या कडांनाही; गंज तिथूनच सुरू होतो. एअरबॅगच्या गाड्यांत त्या भागात धडकेचा सेन्सर असू शकतो, तो हलवायचा नाही. हॉर्न आड येत असेल तर तो खुशाल सरकवा.

उजेडात जाळीच्या पट्ट्यांची सावली येते, ही तक्रार खरी आहे. पॉड पट्ट्यांच्या अगदी जवळ आणला की सावली पुसट होते. क्रोमची जाळी असेल तर पट्ट्यांची मागची बाजू मॅट काळ्या रंगाने रंगवा, नाहीतर उजेड आतल्या आत चमकत राहतो. पट्ट्या कापू नका. अरुंद, लांब जाणारा उजेड इथे चांगला चालतो. पसरट उजेड जाळीत अडतो. २० इंची एलईडी बार, म्हणजे लांब पट्टीचा लाईट, मात्र जाळीमागे नको. चढावर, भरल्या गाडीत, रेडिएटरला हवा हवी असते. दोन पॉड फारशी हवा अडवत नाहीत, बारचं तसं सांगता येत नाही.

वायरिंग दोन्हीकडे सारखंच. दोन पॉड मिळून ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ६ अँपिअर. १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभरात, त्यानंतर २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि ३० अँपिअरचा चार पिनचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). रिलेच्या पिन क्रमांक ३० वर बॅटरी, ८७ वर लाईट, ८६ ला स्विचमधून अप्परची (हाय बीमची) वायर, ८५ अर्थला. काही गाड्यांत अप्परला मायनस स्विच होतो. मल्टीमीटरने आधी तपासा. तसं असेल तर ८६ ला स्विचमधून इग्निशनचा प्लस द्या आणि ८५ अप्परच्या वायरला. अप्परवरून डिप्परवर (लो बीमवर) येताच हे लाईट बंद झाले पाहिजेत, यात तडजोड नाही. समोरच्याला आंधळं करणारे लाईट दंडालाही कारण होतात.

इथल्या हवेत नुसत्या चिकटपट्टीचे जोड टिकत नाहीत. आत गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीटश्रिंक नळी आणि रबरी सीलचे कनेक्टर वापरा. रिलेच्या पिना खाली तोंड करून ठेवा. अर्थ बॉडीच्या गंजक्या बोल्टला न देता सरळ बॅटरीच्या मायनसला न्या. लाईट लुकलुकण्याचं कारण बहुतेकदा तो गंजका अर्थच असतो.

कोन लावताना गाडी रिकामी ठेवू नका. हौद्यात माल असला की मागचे पाटे दबतात आणि नाक वर येतं, मग रिकाम्या गाडीवर लावलेला कोन आभाळाकडे जातो. नेहमीचा माल भरा आणि सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर उभे राहा. उजेडाचा मध्य लाईटच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली पडेल असं बोल्ट आवळा, मग रंगाचा एक ठिपका बोल्ट आणि ब्रॅकेटवर मिळून द्या. ठिपक्याचे दोन अर्धे भाग जुळत नसतील तर बोल्ट फिरला, हे बॉनेट उघडताच दिसतं.

जाळीमागच्या काचा हाताने पुसता येत नाहीत, ही एक उणीव उरते. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी पट्ट्यांमधून साध्या पाईपने पाणी मारावं लागतं. जोराचा फवारा नको, कंडेन्सरचे पापुद्रे वाकतात. मला तेवढं काम परवडतं. धुक्याचा घाटच रोजचा असेल, तर खाली पिवळे लावा आणि दर आठवड्याला त्यांचा कोन भिंतीवर तपासा.