रास्टर गुळगुळीत करायचं की कडा उठावदार? कोकणच्या नकाशासाठी निवड

उंचीचं रास्टर, म्हणजे प्रत्येक चौकोनी पेशीत त्या जागेची उंची असलेली जाळी, हातात आलं की बरेच जण ते आधी गुळगुळीत करून टाकतात. कोकणात हे घातक आहे, कारण सपाट खारजमीन आणि सड्याचा (जांभ्या दगडाच्या पठाराचा) उभा कडा इथे एकाच चौकटीत येतात.

आर्कजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधला 'लो' फिल्टर 3×3 खिडकीतल्या नऊ पेशींची सरासरी मधल्या पेशीत ठेवतो. एसआरटीएम या अंतराळातून रडारने मोजलेल्या उंचीच्या 30 मीटरच्या पेशींवर ही खिडकी 90 मीटरची होते. समजा सडा 80 मीटरवर आहे आणि लगेच खाली 20 मीटरवर भातखाचरं. सरासरीनंतर कड्यालगतच्या पेशी 60 आणि 40 होतात, म्हणजे कडा जाऊन नुसता उतार उरतो. मीडियन फिल्टर (नऊ आकडे क्रमाने लावून मधला घेणारा) तिथे 80 आणि 20 जसेच्या तसे ठेवतो, म्हणून सड्यांच्या पट्ट्यात मी डोळे झाकून मीडियन घेईन. मात्र एका पेशीइतका अरुंद वहाळ (ओढा) तोही पुसतो: नऊपैकी तीनच पेशी वहाळाच्या असतात.

खारजमिनीत उलट. एसआरटीएमची उंची पूर्ण मीटरमध्ये असते, त्यामुळे सपाटीवर एकेक मीटरच्या खोट्या पायऱ्या दिसतात. मीडियन त्या तशाच ठेवतो. सरासरी किंवा गाउसियन (मधल्या पेशींना जास्त वजन देणारी सरासरी) त्या विरघळवतो.

खाडीचा काठ हवा असेल तर सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या प्रतिमेचा 10 मीटरचा जवळ-अवरक्त पट्टा घ्या. त्यात पाणी काळं आणि कांदळवन उजळ दिसतं. त्यावर सोबेल हा कडा शोधणारा फिल्टर लावा. लाप्लासियन हा कडांचा दुसरा फिल्टर बारीकसारीक गोंगाटही कड म्हणून दाखवतो. सोबेलच्या 1-2-1 वजनांत थोडं गुळगुळीतपण आधीच असतं. मिळालेली रेघ त्या वेळच्या पाण्याची असते, तेव्हा उपग्रह गेला तेव्हा भरती होती की ओहोटी, हे तपासाच. ओहोटीला चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि रेघ पाण्याच्या दिशेने खूप सरकते.

पावसाळ्यात ढगांमुळे सेंटिनेल-1 ची रडार प्रतिमा घ्यावी लागली, तर आधी ली फिल्टरने (रडार प्रतिमेतला ठिपक्यांचा गोंगाट कमी करणाऱ्या) ठिपके कमी करा, मग सोबेल. क्रम उलटला तर कडांऐवजी ठिपकेच ठळक होतील. आणि कडांच्या फिल्टरमधून निघालेले आकडे म्हणजे उंची नव्हे. त्यावरून उतार काढू नका.

जमीन-वापराच्या नकाशावर मात्र यातलं काहीच चालत नाही. कांदळवन 2, भातशेती 3, आंबाबाग 4 असे क्रमांक असतील, तर कांदळवन आणि बागेच्या सीमेवर सरासरी भातशेती उगवेल. तिथे क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमधून ग्रास संचातलं आर.नेबर्स (r.neighbors) हे साधन उघडा आणि 'मोड' (खिडकीत सर्वांत जास्त वेळा आलेला क्रमांक) निवडा.