वानखेडे स्टेडियम : मॅच कुठलीही असो, एकदा नॉर्थ स्टँडला बसाच

खूप दिवस लिहायचं होतं. वानखेडेला पन्नास वर्षं होऊन गेली, जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली टेस्ट झाली इथे, क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ मारले होते. ब्रेबॉर्न स्टेडियमच्या तिकीट वाटपावरनं वाद झाला म्हणून हाकेच्या अंतरावर हे दुसरं मैदान उभं राहिलं. २०११ च्या वर्ल्डकपआधी बरंच पाडून नव्याने बांधलं, आता साधारण ३३ हजार माणसं बसतात, मोठ्या स्टेडियमांपुढे आकडा लहान आहे पण आवाज बघा!! स्टँड मैदानाच्या एकदम अंगावर आहेत, त्यामुळे बॉलर रनअपला वळला की टाळ्यांचा ठेका असा चढत जातो की आपले हात आपोआप चालू होतात.

नॉर्थ स्टँडचं पब्लिक म्हणजे वेगळंच. बाउंड्रीवरच्या फिल्डरला नावाने हाक मारणार, तो वळून हात करेपर्यंत सोडणार नाहीत. मधेच कोणीतरी गणपती बाप्पा म्हणतो आणि अख्खा स्टँड मोरया. सचिनऽऽ सचिन तर २०१३ ला तो रिटायर झाल्यावरही थांबलेलं नाही. पण माझ्यासाठी खरी गोष्ट ही की या लोकांना क्रिकेट कळतं, एकही रन न गेलेल्या मेडन ओव्हरला पण टाळी पडते.

आयपीएल बघून झालं असेल तर एकदा रणजीला जा. मार्च २०२४ ची फायनल, मुंबई विदर्भ, एन्ट्री फ्री होती, मी पाचव्या दिवशी गेलो. विदर्भाला ५३८ करायचे होते, सगळ्यांना वाटलं सकाळीच आटपेल, पण अक्षय वाडकर आणि हर्ष दुबेने लंचपर्यंत एक विकेट पडू दिली नाही. माझ्या शेजारी एक आजोबा, शाळेच्या वहीत प्रत्येक बॉल मांडत होते, डॉटला टिंब, रन झाला तर आकडा, ओव्हर संपली की पट्टीने रेघ. रवी शास्त्रीने १९८५ ला बडोद्याच्या तिलक राजला एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले ते याच मैदानावर, मी विषय काढला तर म्हणाले त्या दिवशी हापिसात होतो, अजून हळहळ वाटते. वाडकरची सेंच्युरी झाली तेव्हा त्यांनी पेन खिशाला लावलं, उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. मुंबईचे कट्टर बरं का. "खेळला रे पोरगा," एवढंच.

पुढे वाडकर १०२ वर गेला आणि धडाधड विकेट पडल्या, ३६८ ऑलआउट. शेवटची विकेट मुंबईचा बॉलर धवल कुलकर्णीने काढली, त्याची शेवटची मॅच होती ती. मुंबईची ४२ वी रणजी. मला घशाशी दाटून आलं खरंच.

जायचं असेल तर गाडी अजिबात नेऊ नका, चर्चगेटला उतरून चालत जा, पाच-सात मिनिटं. मोठ्या मॅचला बॅग आत सोडत नाहीत, रिकाम्या हाताने जा. दुपारी ऊन लागतं पण संध्याकाळी समुद्राकडनं वारा सुटला की सगळं विसरायला होतं.

आजोबांनी शेवटच्या विकेटपुढे धवलचं पूर्ण नाव लिहिलं, बाकी बॉलरची नुसती आडनावं होती. मग वही पिशवीत ठेवली आणि म्हणाले, पुढच्या सीझनला येशील ना? हो म्हटलं.